अतिसंवेदनशील मन आणि 'कोसला' : एका संज्ञेची व एका कादंबरीची चिकित्सा

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी जे घर सोडून वसतिगृहात राहायला आले आहेत, त्यांना पुढील गोष्टी वेगळ्या समजावून सांगायची गरज नाही. खोलीत चौघेजण, एकाच्या मोबाईलवर गाणी, दुसऱ्याचा फोन, व्हरांड्यात रात्री एकपर्यंत चाललेला दंगा. मेसमधली ताटांची आदळआपट. वर्गात प्राध्यापकांनी नाव घेऊन उभे केले की आठवत असलेले उत्तरही घशाशी अडकते. कोणी सहज बोललेले एखादे वाक्य दोन दिवस डोक्यात फिरत राहते. बाकीच्यांना हे सगळे अंगवळणी पडलेले दिसते, आणि आपल्यातच काही कमी आहे असे वाटू लागते.

अलीकडे या अनुभवाला एक नाव मिळाले आहे : अतिसंवेदनशील व्यक्ती. त्याच्या जोडीला अंतर्मुख हा जुना शब्द आहेच. या दोन शब्दांवर आज भरपूर पुस्तके आणि व्हिडिओ उपलब्ध असून 'अशा माणसाने रोजच्या जगण्याला तोंड कसे द्यावे' याचे सल्लेही सर्वत्र मिळतात. प्रस्तुत पाठात आपण ही संज्ञा तपासणार आहोत. त्यासाठी एक साहित्यकृती समोर ठेवू : भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही १९६३ साली प्रसिद्ध झालेली मराठी कादंबरी. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या एका तरुणाची ती कहाणी आहे. सुधाकर मराठे यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 'ककून' या नावाने उपलब्ध आहे आणि हिंदीसह इतर भारतीय भाषांतही ती गेली आहे. त्यामुळे मराठी न वाचणाऱ्या तुमच्या मित्रांनाही ती वाचता येईल.

या पाठातील मुख्य प्रश्न असा : पांडुरंग सांगवीकर या नायकाला 'अतिसंवेदनशील, अंतर्मुख' म्हटल्याने कादंबरी आपल्याला अधिक कळते की कमी? आणि हाच शब्द आपण स्वतःला लावतो तेव्हा काय होते?

२. संज्ञा कुठून आली

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी मानसशास्त्रात रूढ झाली ती कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या लेखनामुळे. मनाचा ओढा बाहेरच्या माणसांकडे व वस्तूंकडे आहे की आतल्या विचारांकडे, या आधारावर त्यांनी हा भेद केला. कोणी पूर्णपणे एकाच टोकाला नसतो, हेही त्यांना मान्य होते. पुढे हान्स आयसेंक यांनी त्याला शारीरिक आधार देण्याचा प्रयत्न केला. अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक उत्तेजित अवस्थेत असतो, म्हणून बाहेरचा थोडा गोंगाटही त्याला पुरतो, असे त्यांचे म्हणणे होते.

'अतिसंवेदनशील व्यक्ती' ही कल्पना त्यामानाने नवी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलेन ॲरन यांनी १९९६ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि १९९७ साली आर्थर ॲरन यांच्यासह शोधनिबंध प्रसिद्ध करून २७ विधानांची एक मोजपट्टी मांडली. मोठा आवाज, उग्र वास, भूक, कोणीतरी पाहत असताना काम करावे लागणे, कलेने मन हेलावणे, अशा बाबी तीत विचारल्या आहेत. ॲरन यांच्या मते सुमारे १५ ते २० टक्के लोक या प्रकारात मोडतात. हा आजार नाही, तो जन्मजात स्वभावविशेष आहे, असे त्या सांगतात.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, संवेदनशील आणि अंतर्मुख हे समानार्थी शब्द नाहीत. खुद्द ॲरन यांच्या म्हणण्यानुसार अतिसंवेदनशील लोकांपैकी सुमारे ३० टक्के बहिर्मुख असतात. त्यांना माणसे हवी असतात, पण माणसांनी ती थकतातही. दुसरी, ही मोजपट्टी एकच गुण मोजते का, यावर मतभेद आहेत. नंतरच्या संशोधकांना तिच्यात तीन वेगळे धागे दिसले : चटकन भांबावून जाणे, बारीकशा संवेदनेनेही त्रास होणे, आणि सौंदर्याची तीव्र जाणीव असणे. पहिल्या दोन धाग्यांचे नाते काळजी आणि अस्वस्थतेकडे झुकणाऱ्या स्वभावाशी अधिक आहे, तर तिसऱ्याचे नाते नव्या अनुभवांबद्दलच्या खुलेपणाशी. म्हणजे एका नावाखाली ओझे आणि देणगी दोन्ही एकत्र बांधले गेले आहेत. सल्ल्याची पुस्तके बहुधा ओझ्याबद्दल सांत्वन करतात आणि देणगीबद्दल पाठ थोपटतात. ही गाठ सोडवणे आपल्या कामाचे आहे.

३. 'कोसला' : पहिला उपाय आणि त्याचे अपयश

पंचवीस वर्षांचा पांडुरंग आपली गोष्ट स्वतः सांगतो. खानदेशातील सांगवी हे गाव, शेती सांभाळणारे आणि पैशाच्या जोरावर घर चालवणारे वडील, आई, बहिणी, आणि मग पुण्याचे कॉलेज व वसतिगृह. कादंबरीचे सहा भाग आहेत. त्यांत सरळ आत्मकथन आहे, दैनंदिनी आहे, आणि भविष्यातल्या इतिहासकारांच्या भाषेची थट्टाही आहे.

पुण्यात आल्यावर पांडुरंगला जाणवते की आपण बुजरे आहोत. त्यावर तो उपाय शोधतो, आणि तो उपाय आजच्या कोणत्याही सल्लागाराने दिला असता तोच आहे : कोषातून बाहेर ये, लोकांत मिसळ, पदे घे, पुढाकार घे. पांडुरंग तसे करतो. वादविवाद, संमेलन, नाटक, वसतिगृहातील जबाबदाऱ्या यांत तो स्वतःला झोकून देतो. मित्रांसाठी सढळ हाताने खर्च करतो. काही काळ तो कॉलेजातला माहीत असलेला मुलगा होतो.

वर्षाच्या शेवटी हिशेब उलटा निघतो. अभ्यास मागे पडलेला, पैसे संपलेले, चांगुलपणाचा लोकांनी फायदा घेतलेला, आणि वडिलांसमोर जाब द्यायची वेळ आलेली. येथे घाईने 'बघा, अंतर्मुख माणसाने स्वभावाविरुद्ध वागू नये' असा निष्कर्ष काढू नका. नेमाडे पांडुरंगच्या अपयशाची जी कारणे दाखवतात, त्यांत स्वभाव हे एक आहे. बाकीची बाहेरची आहेत. गावाकडून येणारा पैसा मोजका आहे आणि त्यावर वडिलांचा ताबा आहे. शहरातल्या मुलांना सहज येणारे व्यवहार त्याला ठाऊक नाहीत. संस्थेतली पदे काम करणाऱ्याला दमवतात आणि श्रेय दुसरीकडे जाते. एखादा बहिर्मुख मुलगाही या गणितात सापडला असता. म्हणून 'बाहेर पड' हा सल्ला अपुरा ठरतो, आणि 'आपला कोष जप' हा उलट सल्लाही तितकाच अपुरा. दोन्ही सल्ले माणूस पाहतात; तो कुठे उभा आहे ते पाहत नाहीत.

४. गप्प बसणे म्हणजे अंतर्मुख असणे का?

पांडुरंगच्या बुजरेपणात भाषेचाही वाटा आहे, हे मराठी वाचकाला लगेच कळते. खानदेशातून पुण्यात येणे म्हणजे एका मराठीतून दुसऱ्या मराठीत येणे. घरी ज्या हेलात आपण हसतो, भांडतो, तो हेल इथे विनोदाचा विषय होतो. तोंड उघडण्यापूर्वी प्रत्येक वाक्य मनात एकदा धुऊन घ्यावे लागते. अशा मुलाला कोणी 'शांत स्वभावाचा' म्हणत असेल, तर ते त्याच्या स्वभावाचे वर्णन नसून त्याच्या परिस्थितीचे आहे.

तुम्ही देशाच्या कुठल्याही भागात शिकत असलात तरी हे आजूबाजूला पाहू शकता. विदर्भातून दिल्लीला गेलेली मुलगी, बिहारमधून पुण्याला आलेला मुलगा, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून इंग्रजी वर्गात बसलेला विद्यार्थी. वर्गात हे तिघेही गप्प असतील. सुटीत घरी गेल्यावर आवाज ओळखू येणार नाही इतके बोलत असतील. युंगच्या अर्थाने ते अंतर्मुख नाहीत. स्वतःला एखादे नाव देण्यापूर्वी हा साधा प्रश्न विचारा : मी सगळीकडे असाच आहे, की इथेच असा झालो आहे? सगळीकडे असाल तर तो बहुधा तुमचा स्वभाव आहे. इथेच असाल तर बदलायची गोष्ट कदाचित तुमच्या बाहेर आहे : भाषेचा सराव, दोन ओळखीची माणसे, खोलीची अदलाबदल, किंवा शिक्षकांशी झालेले एक स्पष्ट बोलणे.

५. दोन शब्द आणि एक मृत्यू

'कोसला' वाचताना दोन शब्द सतत भेटतात : 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ'. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ही लकब वाचकांच्या तोंडी बसली आणि अनेकांनी तिची नक्कलही केली. पण तिच्याकडे निव्वळ शैली म्हणून पाहणे पुरेसे नाही. या शब्दांकडे तुम्ही जगण्याला तोंड देण्याची साधने म्हणून पाहावे असे मी सुचवीन. भावना वाढू लागली, वाक्य गंभीर होऊ लागले, की पांडुरंग 'वगैरे' म्हणून दार लोटून घेतो. आणि 'उदाहरणार्थ' म्हणताना तो आपल्या दुःखाला पुष्कळांपैकी एक उदाहरण करून टाकतो, म्हणजे त्याचा भार थोडा हलका होतो. आपणही हे करतो. डोळे भरून आले की 'जाऊ दे' म्हणतो, मोठी गोष्ट सांगून झाल्यावर उगीच हसतो.

ही साधने कुठवर पुरतात, याची परीक्षा मनीच्या मृत्यूत होते. मनी ही पांडुरंगची धाकटी बहीण. ती देवीच्या साथीत जाते. तिच्यावर लिहिलेला भाग मराठी कादंबरीतल्या सर्वांत व्याकूळ करणाऱ्या भागांपैकी एक मानला जातो. तो वाचताना वरील दोन शब्दांकडे मुद्दाम लक्ष ठेवा. ते कुठे येतात, कुठे येत नाहीत, आणि आले तर पूर्वीइतकेच काम करतात का, हे स्वतः तपासा. थट्टेचे चिलखत कुठे फाटते हे वाचकाने आपल्या नजरेने पाहावे, कोणा समीक्षकाच्या सांगण्यावरून मानू नये.

पुढे पांडुरंग अजिंठ्याला जातो आणि बुद्धमूर्तीसमोर उभा राहतो. मोजपट्टीतला तिसरा धागा, सौंदर्याची तीव्र जाणीव, येथे दिसतो. मात्र तो पहिल्या दोघांपासून सुटा दिसत नाही. मूर्ती पाहणारा डोळा आणि बहिणीला विसरू न शकणारे मन एकाच माणसाचे आहे. मानसशास्त्राची प्रश्नावली हे धागे वेगळे करून मोजू शकते, आणि ते आवश्यकही आहे. कादंबरी ते एकत्र विणलेले दाखवते. अभ्यासकाला दोन्ही कामांची किंमत कळायला हवी.

६. संज्ञेचे फायदे आणि धोके

संज्ञा निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. ज्याला वर्षानुवर्षे 'फार मनाला लावून घेतोस' असे ऐकावे लागले आहे, त्याला 'तुझी मज्जासंस्था अधिक तीव्रतेने प्रतिसाद देते' हे कळणे हा मोठा दिलासा आहे. त्यातून साधे उपाय सुचतात : दंगा टाळून वाचनालयात बसणे, परीक्षेआधी झोप जपणे, दिवसातला एक तास एकट्याने चालणे, सर्वांशी मैत्री करण्याऐवजी दोघांशी नीट करणे. एवढे मिळाले तरी त्या शब्दाचे काम झाले.

धोके मात्र तीन आहेत. पहिला, संवेदनशीलता म्हणजे चांगुलपणा असा समज होतो. पांडुरंगला जखमा लवकर होतात, पण म्हणून तो सर्वांशी हळुवार वागत नाही. त्याची थट्टा बोचरी आहे. कॉलेजातल्या मुली त्याच्या कथनात बहुतेक दुरूनच दिसतात. त्यांनाही आत काही असेल याकडे त्याचे लक्ष क्वचित जाते. स्वतःचे दुखणे तीव्रतेने जाणवणे आणि दुसऱ्याचे दुखणे ओळखणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दुसरे कष्टाने शिकावे लागते.

दुसरा धोका, नाव मिळाले की चौकशी थांबते. 'मी असाच आहे' हे वाक्य समजूतदारपणाचेही असू शकते आणि हार मानल्याचेही. कित्येक आठवडे झोप न लागणे, जेवण नकोसे होणे, आवडीच्या गोष्टींतही मन न रमणे, जगणे नकोसे वाटणे, ही स्वभावाची लक्षणे नाहीत. तेथे वैद्यकीय मदत घ्यावी. भारत सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशभर विनामूल्य चालतो आणि तेथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. कोणतीही कादंबरी किंवा प्रश्नावली त्या मदतीची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा धोका सामाजिक आहे. संज्ञा सारे कारण व्यक्तीच्या आत ठेवते. चौघांच्या खोलीत सहाजण ठेवणाऱ्या वसतिगृहाला, बोलीला हसणाऱ्या वर्गाला, जातीवरून टोमणे मारणाऱ्या सहाध्याय्यांना काहीच विचारले जात नाही. ज्याला त्रास होतो त्यालाच 'तू अतिसंवेदनशील आहेस' असे सांगून प्रकरण मिटवता येते.

७. 'कोसला'ची मर्यादा

ज्या कसोटीवर आपण संज्ञेला घासले, त्याच कसोटीवर कादंबरीलाही घासले पाहिजे. पदवी, नोकरी, शहर या सर्वांतून काही हाती न लागता पांडुरंग गावी परततो. या परतण्यात अस्तित्ववाद शोधणारी समीक्षा भरपूर झाली आहे. पण एक व्यावहारिक गोष्ट त्यात मागे पडते : त्याला परतायला घर आहे. वडिलांशी पटत नसले तरी त्यांची शेती आहे, दोन वेळचे जेवण आहे. कोषात शिरण्यासाठी आधी कोष असावा लागतो.

या शेजारी दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) ठेवून पाहा. तेथेही एक शिकलेला, आतल्या आत बोलणारा माणूस आहे. दया पवार हा लेखक आणि दगडू मारुती पवार हा त्याचाच गावकुसाबाहेरचा भूतकाळ यांच्या संवादातून ते आत्मकथन उलगडते. तेथला संकोच जातिव्यवस्थेने लादलेला आहे. त्याचे मूळ मज्जासंस्थेत शोधणे म्हणजे अन्याय करणाऱ्यांना मोकळे सोडणे होईल. आणि त्या निवेदकाला गावी परतून शांत होण्याची सोय नाही, कारण जखम गावातच झालेली आहे. पांडुरंगचे परतणे सर्वांचे प्रतिनिधित्व करत नाही, हे 'बलुतं' वाचल्यावर ध्यानात येते.

तरीही सल्ल्याच्या पुस्तकांपेक्षा मी 'कोसला'ला वरचे स्थान देईन, आणि त्याचे कारण साधे आहे. सल्ल्याच्या पुस्तकात हळवे मन एकटे असते. त्याच्याभोवती फक्त 'इतर लोक' असतात. 'कोसला'तल्या हळव्या मनाभोवती मेसची बिले आहेत, वडिलांचा धाक आहे, देवीची साथ आहे, नापास होण्याची भीती आहे आणि मित्रांचे हसणे आहे. नेमाडे उपाय सांगत नाहीत. पण अडचण कुठे कुठे आहे हे ते इतके नेमके दाखवतात की वाचक आपली अडचण त्यात शोधू शकतो.

८. सारांश

संवेदनशीलता आणि अंतर्मुखता हे वेगवेगळे स्वभावविशेष असून दोन्ही आजार नाहीत. पांडुरंग सांगवीकर याला या संज्ञा काही अंशी लागू पडतात. मात्र त्याची कोंडी स्वभाव, पैसा, भाषा, कुटुंब आणि मृत्यू यांच्या एकत्रित दाबातून तयार होते. स्वतःकडे पाहताना तुम्हीही हीच पद्धत वापरा. आधी स्वभाव कोणता आणि परिस्थिती कोणती हे वेगळे करा. स्वभावाला जागा द्या, परिस्थितीला प्रश्न विचारा, आणि दोन्हींपलीकडचे दुखणे असेल तर मदत मागा. मदत मागण्यासाठी बहिर्मुख असावे लागत नाही. एक वाक्य पुरते, आणि ते लिहून दिले तरी चालते.

९. स्वाध्याय

१) संवेदनशीलता व अंतर्मुखता यांतील फरक स्वतःच्या निरीक्षणातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२) 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' या शब्दांचा 'कोसला'मधील उपयोग कोणत्याही एका भागाच्या आधारे तपासा.
३) 'पांडुरंगचे अपयश हे त्याच्या स्वभावाचे अपयश आहे.' या विधानाची बाजू घ्या अथवा ते खोडून काढा.
४) तुमच्या मातृभाषेतील एखाद्या कादंबरीत किंवा आत्मकथनात गप्प राहणारा विद्यार्थी भेटतो का? त्याच्या गप्प राहण्याची कारणे शोधा.
५) तुमच्या वर्गात किंवा वसतिगृहात कोणता एक बदल केल्यास गप्प राहणाऱ्यांना बोलणे सोपे जाईल, यावर दहा ओळी लिहा आणि त्या संबंधित शिक्षकांना दाखवा.